बरणी घरातच आहे

४ मार्च

अहो,

नमस्कार वगैरे नंतर बघू. तुम्ही जाताना 'येतो' म्हणाला नाहीत, मग मी तरी वरती नमस्कार कशाला लिहू?

फोन करून पाहिला. वन्संनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. पाठीमागे तुमचा खोकला ऐकू येत होता, तरी म्हणाल्या, "तो बाहेर गेलाय. आणि हे बघ, ती बरणी घराबाहेर काढल्याशिवाय परत यायचा नाही म्हणतो." बाहेर गेलेला माणूस असं म्हणतो कसं, ते मी विचारलं नाही. नवरा-बायकोचं भांडण नणंदेच्या तोंडून ऐकायची मला हौस नाही, म्हणून हे पत्र. वन्सं, पाकीट तुम्हीच फोडणार हे मला ठाऊक आहे. फोडा, वाचा, पण मग भावाच्या हातात द्या.

तर ऐका. बरणी घरातच आहे. जी फुटली ती गेली, ही नवी. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून कोबी आणला, पान न् पान मीठ लावून ठेवलं आणि संध्याकाळी दुकानातून आल्यावर लसूण-आलं-तिखटाचा लगदा चोळून त्या कोरियन लोणच्याची, किमचीची, बरणी भरली. आमच्या औषधांच्या दुकानातलेच रबरी हातमोजे घालून केलं. ओट्यावर ठेवली आहे, सगळ्यांना दिसेल अशी.

कपाट ही माझी चूक. तुमच्या चहाच्या नमुन्यांच्या कपाटात मी बरणी ठेवायला नको होती, हे मी लिहून देते. पण घरात दुसरी थंड, अंधारी, कोरडी जागा आहेच कुठे? सगळ्यात चांगली जागा तुमच्या पत्तीला आणि उरलेली आपल्याला, हे पहिल्यापासूनचं आहे. मी खालच्या फळीवर, डब्यांच्या मागे, फडक्याखाली सरकवली.

झाकण का घट्ट लावलं, तेही सांगते, कारण तुम्ही त्या दिवशी "तुला एवढंही कळत नाही?" असं ओरडलात. औषधांच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच शिकवतात, झाकण घट्ट. हवा लागली की औषध वाया. माझ्या हाताने लावलेलं झाकण गिऱ्हाइकाला घरी जाऊन नवऱ्याकडून उघडून घ्यावं लागतं. बरणीलाही मी तसंच लावलं, वर चिकटपट्टीही मारली. आता त्या कोरियन मालिकांत बायका झाकण लावताना दिसतात, पण किती लावायचं ते पडद्यावर दिसतं का? आंबणाऱ्या भाजीला वायू सोडायला जागा लागते, झाकण सैल ठेवायचं असतं, दीड आटा, जास्त नाही, हे मला स्फोटानंतर कळलं. तुम्ही दाढी अर्धी टाकून "सिलिंडर! सिलिंडर!" करत बाहेर धावलात, ते आठवलं की अजून हसू येतं. कपाट उघडल्यावर मात्र हसले नाही. इतक्या वर्षांचे तुमचे नमुने, कागदी पुड्या, डबे, सगळं लाल आणि ओलं. पत्ती वास धरते, मग ती कामातून गेली, हे तुम्हीच मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्याचं मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं.

एक कोडं मात्र सुटत नाही. बरणी त्या कपाटात चार-पाच दिवस होती, आणि एवढं घट्ट झाकण असूनही वास कुठूनसा झिरपत होता. वरच्या मजल्यावरची पार्लरवाली जिन्यात थांबून मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडे गटार तुंबलंय का हो?" आणि तुम्ही रोज सकाळी तेच कपाट उघडून, एकेका डब्यात नाक घालून उभे. अवाक्षर काढलं नाहीत. मी मनात म्हटलं, चला, पचलं एकदाचं.

असो. बरणी घरातच आहे.

मी


१२ मार्च

अहो,

तुमचं उत्तर नाही. वन्संचा फोन आला. "या वयात हे कोरियन खूळ शोभतं का गं तुला? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना विचारून सांगते. फोन आपटला त्यांनी.

खूळ कुठून आलं ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. गेल्या वर्षी माझा पाय प्लास्टरमध्ये होता ना, तेव्हा पार्लरवाली खाली आली, टीव्हीला काहीतरी जोडलं आणि म्हणाली, "काकू, हे बघा, वेळ जाईल." मला वाटलं, दहा मिनिटांत डोळा लागेल. पहिल्याच भागात एक मुलगी घरी येते. नोकरी गेलेली, सगळीकडून थपडा खाऊन आलेली, आईला काही सांगितलेलं नाही. मला वाटलं, आता आई विचारणार, कुठे होतीस, इतका उशीर का. आई दारात उभी राहते आणि विचारते, "जेवलीस का?" बस. एवढंच. मग पातेलं चढवते.

पुढे माझ्या लक्षात आलं, त्या मालिकांत सगळेच सगळ्यांना हेच विचारतात. साहेब नोकराला, सासू सुनेला. एका मालिकेत तर पोलीस चोराला बेड्या घालतो आणि विचारतो, जेवलास का रे. मी रिमोट हातात धरून बसले होते. तेवढ्यात तुम्ही आलात, बूट काढलेत आणि म्हणालात, "खिडकी उघडी का? बाहेरचा धूर आत येतो." मी सकाळपासून बिस्किटांवर होते हो. पाय उचलता येत नव्हता. तुम्ही खिडकी लावलीत आणि आत गेलात. मला रडू आलं. मालिकेमुळे रडते आहे असं तुम्हाला वाटलं असेल, वाटू दे म्हटलं.

आपल्या घरचे नियम मी कोणाला सांगितले तर हसतील. तुम्ही चहा चाखणारे, कंपनीची नाव-अब्रू तुमच्या जिभेवर. म्हणून घरात लसूण नाही, कांदा नाही, तिखट नाही. मला पावडर नाही, वासाचा साबण नाही, साधं सुगंधी तेल नाही. मी माहेरी गेले की पहिल्या घासालाच लसूण मागायची, आई हसायची, "पोरीला उपाशी ठेवतात की काय तिथे?" आणि परत यायच्या दोन दिवस आधी मी लसूण बंद करायची, कपड्यांना वास राहू नये म्हणून. मी कुरकुर केली का कधी? त्या जिभेवर घर चालत होतं, मान्य. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच आला नाही. घर तुमच्या जिभेचंच झालं.

मग तुम्ही निवृत्त झालात. मला वाटलं, सुटलो! त्याच आठवड्यात मी लसणाची गड्डी आणली. तुम्ही ती दोन बोटांत धरून दाराबाहेर ठेवलीत आणि म्हणालात, "जिभेला निवृत्ती नसते." मी मुकाट्याने ऐकलं. माझ्या तोंडाला तेव्हा काय झालं होतं, देव जाणे.

तर हळूहळू मी त्या मालिकांतल्या लोकांच्या तोंडाकडे बघायला लागले. काय खातात, कसं खातात. दाटीवाटीने बसतात, मध्ये एकच पातेलं, ज्याचा त्याचा चमचा त्यात. चवीने फुर्रकन ओढतात. फुर्रकन तुम्हीही ओढता, तुमच्या त्या टेस्टिंगच्या खोलीत मी पाहिलं आहे, चमचाभर चहा ओढायचा, तोंडात फिरवायचा आणि पिंपात थुंकायचा. ती माणसं गिळतात. गिळून 'हाऽ' करतात. मलाही एकदा तसं 'हाऽ' करायचं होतं, यात माझं काय चुकलं ते पत्राने कळवा.

मी


२० मार्च

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत मला लिहिलेलं पहिलं पत्र, आणि त्यात दोन ओळी. "एक तर ती बरणी राहील, नाहीतर मी. विचार करून कळव."

विचार केला. बरणी.

आता वन्संना पाणी द्या आणि पुढचं वाचा.

तुम्हाला वाटत असेल, बाई इथे मिटक्या मारत मजेत आहे. मजेत आहे, पण मजा सोपी नव्हती. पडद्यावरून वास येत नाही आणि तिखटपणा दिसत नाही, या दोन गोष्टी मला फार महागात पडल्या. त्यांचं तिखट जाडंभरडं आणि सौम्य असतं म्हणे. मालिकेतल्या आजीने मूठ-मूठ टाकलं, म्हणून मीही आपल्या किराणा दुकानातलं लाल तिखट मूठ-मूठ टाकलं. पार्लरवालीला पहिला घास दिला. ती बिचारी एका नवरीचा मेकअप अर्धवट सोडून खाली आली होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, काजळ गालावर. "काकू," ती म्हणाली, "मरते मी. अजून थोडं द्या." मी स्वतः खाल्लं तेव्हा कानशिलं तापली, जीभ पेटली आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने 'हाऽ' केलं. शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली.

आणखी एक शिकले. त्यांच्याकडे नूडल्स उकळल्या की पातेल्याचंच झाकण उलटं धरून त्यातून खातात, म्हणजे लवकर निवतात. आपलं झाकण सपाट आहे, सगळा रस्सा माझ्या मांडीवर. भाजले. दुकानात मलम लावताना मालकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, शिक्षण चालू आहे.

परवा माझा वाढदिवस होता, तुमच्या लक्षात नसेल. त्यांच्याकडे वाढदिवसाला समुद्रातल्या शेवाळाचं सूप करतात, आई मुलांसाठी करते. माझी आई गेली त्याला किती तरी वर्षं झाली, म्हणून मी माझं मीच केलं. पार्लरवालीने शेवाळ कुठूनसं मागवून दिलं. वाळलेलं असताना मूठभर होतं, मला वाटलं एवढ्याने काय होणार, म्हणून पाकीट रिकामं केलं. भिजल्यावर ते फुगलं, परातीत मावेना, शेवटी बादलीत काढलं. आम्ही दोघी हसून हसून जमिनीवर बसलो. तीन दिवस तेच खाते आहे. चव? खारट, ओलसर, बरी. माझ्यासाठी केलेली होती.

तुम्हाला कळावं म्हणून सांगते, सकाळचा चहा अजून हातून दोघांचा टाकला जातो. सवयीने. तुमचा कप मी मोरीत ओतते. याचा काही अर्थ काढू नका.

बरणीवाली


२९ मार्च

अहो,

हे पत्र वन्संनी वाचू नये. वन्सं, हात जोडून सांगते, इथेच थांबा.

काल दुकानात तुमच्या हाताखाली काम करणारे ते आले होते, तुमच्या जागी आता चाखायला बसतात ते. खोकल्याचं औषध हवं होतं. मी म्हटलं, कडू चालेल का, तुमच्या धंद्यात कडू नको असेल. तर हसले आणि सहज म्हणून गेले, "वहिनी, साहेबांची चव आली का परत थोडी तरी? आम्हाला फार हळहळ वाटली हो. इतका मोठा माणूस, आणि त्या तापानंतर वासही गेला, चवही गेली. शेवटचे काही महिने आम्हीच चाखायचो आणि साहेब नुसती सही करायचे. कंपनीने मानाने घरी पाठवलं, तेवढं बरं झालं."

मी बाटलीचं झाकण लावत होते. लावतच राहिले. ते म्हणाले, "वहिनी, पुरे, उघडणार नाही मला."

म्हणजे निवृत्ती नव्हती ती.

मग मला सगळं एकेक आठवलं. ते चार-पाच दिवस कपाटात घातलेलं नाक. नासलेल्या दुधाचा चहा तुम्ही एकदा घोट घोट पिऊन संपवलात, मी माझा थुंकला होता, आणि मला वाटलं, माझं मन राखलं यांनी. मी किती सुखावले होते त्या दिवशी! आणि रोज सकाळचे ते डबे. तुम्ही एकेक उघडून बघत होतात, आज येतो का वास, आज येतो का. बरोबर ना? माझ्या बरणीने ते डबे नासवले, म्हणून तुम्ही गेलात असं मी समजत होते. तुम्ही गेलात ते वेगळ्याच कारणाने. अख्खी इमारत नाक दाबून उभी होती, आणि आपल्याला काहीच येत नाही हे माझ्यासमोर उघडं पडेल, याची भीती वाटली तुम्हाला.

मी रात्रभर रडेन असं वाटलं होतं. नाही रडले. रागावले आहे. इतकी रागावले आहे की आज डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या उलट्या वाचल्या, मालकांनी वेळेत पाहिलं.

अहो, तुमची चव गेली त्याचा राग नाही. ते दुःख आहे, तुमच्याइतकं नाही पण माझंही आहे. राग याचा, की मला सांगितलं नाहीत. आणि त्याहून मोठा राग असा: जीभ गेलेली, नाक गेलेलं, मग माझा लसूण कोणासाठी बंद होता? ती गड्डी तुम्ही दोन बोटांत धरून बाहेर ठेवलीत, ती कोणाच्या जिभेसाठी? ज्या घरात कोणालाच त्रास होणार नव्हता, त्या घरात मी बेचव जेवत राहिले, का, तर तुमचं झाकलेलं झाकलेलं राहावं म्हणून! मला सांगितलं असतंत तर मी कोणाला बोलले असते का? औषधांच्या दुकानात कोणाला काय काय झालंय ते मला माहीत आहे, गावभर माहीत आहे का ते?

तुम्हाला वाटेल, आता बाईला माझी दया येईल आणि बरणी कचऱ्यात जाईल. नाही जाणार. तुमची दया येते आहे, आणि बरणी ओट्यावर आहे. दोन्ही एका घरात राहू शकतात.

आता तज्ज्ञ माणसाला मी शिकवणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, पण ऐका. आमच्या दुकानात नाक बंद झालेली, चव गेलेली माणसं रोज येतात. ती सांगतात, गोड कळत नाही, खारट कळत नाही, पण मिरची झोंबते. मिरचीला चव लागत नाही, ती सरळ भाजते. आणि कोबी दाताखाली कचकच वाजतो, ते कानांना कळतं. एवढं तुमच्याकडे शिल्लक आहे. या घरातली ही एकच वस्तू तुम्हाला कळेल अशी आहे, आणि तिच्यावर रुसून तुम्ही बहिणीकडे जाऊन बसलात, जिथे सगळंच उकडलेलं!

यायचं तर या. पण बरणी जाणार नाही, लसूण जाणार नाही, आणि मी परत मुकाट्याने बसणार नाही. हे तुम्हाला जमत नसेल तर तसंही कळवा, मी मरणार नाही. मला दोन प्रकारचं सूप करता येतं आता.

मी


६ एप्रिल

अहो,

काल मी दुकानात असताना तुम्ही येऊन गेलात. किल्ली तुमच्याकडे आहे, त्यामुळे चोर म्हणत नाही. पार्लरवालीने जिन्यात पाहिलं तुम्हाला, म्हणाली, "काका रडत होते की काय काकू, डोळे लालभडक." मी म्हटलं, बघते.

आत आले आणि ओट्यावर बरणी नाही. मनात म्हटलं, झालं. या माणसाने शेवटी फेकली. इतकी पत्रं लिहिली ती पालथ्या घड्यावर पाणी. पिशवी तशीच खाली टाकली आणि कचऱ्याचा डबा बघायला धावले. दारामागे तीन मोठ्या काळ्या पिशव्या बांधून ठेवलेल्या. गाठ सोडली. आत तुमचे चहाचे डबे.

मग कपाट उघडलं. फळ्या पुसलेल्या, कोपऱ्यातला लाल डाग तेवढा निघालेला नाही. आणि मधल्या फळीवर, जिथे तुमचा सगळ्यात जुना डबा असायचा, तिथे बरणी. हात लावला, झाकण सैल होतं. दीड आटा, जास्त नाही. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं तसं. म्हणजे पत्रं वाचलीत, पहिल्यापासून वाचलीत.

परवाच नवा कोबी घालून बरणी गळ्यापर्यंत भरली होती, आता खांद्याखाली गेली आहे. मोरीत एक चमचा, नेहमीसारखा अर्धवट विसळलेला. आणि टेबलावर तुमचा रुमाल, चिंब. अहो, एवढं एकदम खातात का? तेही नुसतं! वर भात खायचा असतो. मालिकेत बघितलं असतंत तर कळलं असतं.

झोंबलं ना? खरं सांगा. काहीतरी लागलं ना जिभेला, इतक्या महिन्यांनी?

मी त्या टेबलाशी तुमचा रुमाल हातात घेऊन बराच वेळ बसले, हे कबूल करते. वाळत घातला आहे. पण एक लक्षात ठेवा. कपाट पुसून तुम्ही मला काय सांगितलंत ते मला कळलं, तरी तेवढ्यावर भागणार नाही. जन्मभर मी तुमचं न बोललेलं ओळखत आले, आता पुरे. तोंडाने बोलायचं. चव गेली आहे, वाचा गेलेली नाही.

शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी असते. दुपारी भात दोघांचा टाकते. पातेलं मध्ये ठेवीन, चमचे दोन. मी तुमच्यासाठी थांबणार नाही, भूक लागली की सुरू करणार. वन्संनाही आणा हवं तर, त्यांना शेवाळाचं सूप करून देते, बादलीभर.

आणि दारातून आत आल्यावर खिडकीकडे बघायचं नाही. आधी मला एक प्रश्न विचारायचा. कोणता, ते दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे. पोलीससुद्धा विचारतो.

तुमची
(हे आज लिहिलं, उद्याचं उद्या बघू)